‘त्याग’ हा शब्द मागे घ्या

जलविद्युत धरणाच्या हिशेबात मेगावॉट आणि टीएमसी अचूक लिहिले जातात. विस्थापितांचा रकाना मात्र एकाच शब्दाने भरतात: त्याग. कोयना धरण उभे राहून साठ वर्षे झाली, तरी तिथल्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांना पर्यायी जमिनीसाठी आंदोलनाला बसावे लागते आणि भाषणांत पुन्हा त्यांच्या त्यागाचेच गोडवे गायले जातात.

त्याग स्वखुशीने होतो. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाच्या वेळी तसे काही घडले नाही. निळा-मुळेच्या खोऱ्यातली आंबेमोहोर पिकवणारी खाचरे वीज कंपनीसाठी घेतली जाऊ लागली, तेव्हा मावळ्यांनी 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट पुढे होते. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. जीव द्यायला निघालेल्या माणसाने जमीन ओवाळून टाकली, असे म्हणणे निव्वळ खोटे आहे.

आणि पुण्याने स्वतःचाही वाटा आठवावा. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी इथल्या सावकारांच्या नावावर चढल्या होत्या. मोबदल्याची बोलणी त्यांनी केली, रक्कम कागदावरच्या मालकाकडे वळली. चिखलात उभे राहून भात लावणाऱ्या कुळाची कसायची जमीन तेवढी गेली. ‘पैसे मिळाले ना?’ असे विचारणाऱ्यांनी आधी ते कोणाला मिळाले, हे पाहावे.

दुसरा आक्षेप ठरलेला: वीज नको तर घरातले दिवे मालवा. ही दमदाटी आहे, युक्तिवाद नव्हे. कोयनेचे लोक वीज बंद करा म्हणत नाहीत, ठरलेली जमीन द्या म्हणतात. 1,960 मेगावॉटच्या या प्रकल्पाच्या विजेचे बिल साऱ्यांनी भरले. गावांची किंमत त्या बिलात कधी धरलीच नाही.

नदीचीही धरली नाही. कोयना मुळात कृष्णेला मिळते. विजेसाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरवतात आणि ते वाशिष्ठीवाटे समुद्राला जाते. कोयनेच्याच सातारा जिल्ह्यातले माण-खटाव तालुके टँकरची वाट पाहतात. 11 डिसेंबर 1967च्या कोयना भूकंपात दीडशेहून अधिक माणसे मेली. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचे उदाहरण म्हणून जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेचे नाव घेतात. त्या मृतांनी कसला त्याग केला?

राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा 1976चा. कोयनेचे पाणी त्याआधी दशकाहून अधिक काळ अडलेले होते. धरण आधी, माणसे नंतर, हा क्रम ‘त्याग’ या शब्दाच्या आडच टिकला. पुढच्या सभेत तो शब्द कानी पडला, तर पुणेकरांनी तिथेच उभे राहून विचारावे: किती कुटुंबांच्या नावावर सातबारा झाला?