तीन राष्ट्रे आणि दोन करारनामे

सातासमुद्रापलीकडून आलेल्या प्रत्येक गोऱ्यास 'इंग्रज' म्हणण्याचा प्रघात आमच्या लोकांत पडून दोन शतके होऊन गेली. परंतु १८०३ साली असईच्या रणांगणावर मराठी फौजांचा पराभव करणारे आर्थर वेल्स्ली हे आयर्लंडात स्थायिक झालेल्या घराण्यात जन्मलेले. पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट असून पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे स्कॉच. आणि १८१८ साली दुसऱ्या बाजीरावांस शरण यावयास लावणारे सर जॉन माल्कम हेही स्कॉचच. वेल्सचे लोक बाजूस ठेवले तरी, ज्यांस आपण एक समजत आलो ते वस्तुतः तीन लोक होत. त्यांचे आपसांतील नाते कसे जुळले, कोठे तुटले आणि आज कोठे ताणले गेले आहे, ह्याचा विचार करणे केवळ इतिहासाच्या हौसेचे काम नव्हे. निरनिराळ्या लोकांनी एका छत्राखाली नांदावयाचे कसे, हा प्रश्न सर्व जगाचा आहे.

ह्या तिघांची सरमिसळ फार जुनी. 'स्कॉट' हे नावच मुळी आयर्लंडचे. रोमन लेखक आयर्लंडातील लोकांस 'स्कॉटी' म्हणत. त्यांपैकी जे समुद्र ओलांडून पलीकडे राज्य करून राहिले, त्यांच्यावरून त्या देशास स्कॉटलंड हे नाव पडले. उलट ११६९ साली आयर्लंडात उतरलेल्या नॉर्मन सरदारांचे वंशज तेथील भाषा व चालीरीती इतक्या उचलू लागले, की १३६६ साली किल्केनी येथे कायदा करून त्यांस आयरिशांशी सोयरीक करण्याची व आयरिश भाषा बोलण्याची मनाई करावी लागली. ज्या गोष्टीस कायद्याने मनाई करावी लागते, ती किती सर्रास चालू असली पाहिजे हे उघडच आहे. पुढे १६०३ साली एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर येऊन बसला तो स्कॉटलंडचा राजा जेम्स. त्याच जेम्सने १६०९ पासून आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील जमिनी मूळ मालकांकडून काढून स्कॉच व इंग्रज वसाहतवाल्यांस वाटून दिल्या. उत्तर आयर्लंडातील दुहीचे बीज ते हे.

तेव्हा रक्त एक की निराळे, हा ह्या कलहाचा मुद्दा नव्हे. मुद्दा आहे तो एकत्र राहण्याच्या अटींचा. आणि त्या अटी दोन करारनाम्यांत पाहावयास सापडतात.

पहिला करार १७०७ चा. पनामाजवळ डेरिएन येथे वसाहत करण्याच्या उद्योगात स्कॉटलंडने सुमारे ४ लाख पौंडांच्या भांडवलाचा आकडा घातला होता. १७०० पर्यंत तो उद्योग पार बुडाला. त्यातच १७०५ साली इंग्लंडने कायद्याने धमकी दिली की, बोलणे सुरू न केल्यास स्कॉच लोकांस परके मानू आणि त्यांचे कापड, गुरे व कोळसा आमच्या बाजारात येऊ देणार नाही. अशा अडचणीत २५ कलमांचा तह झाला. एडिंबरो व ग्लासगो येथे लोकांनी दंगे केले. आपले पुढारी विकले गेले असे ते म्हणत, व त्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि त्या सौद्यात स्कॉटलंडच्या पदरात काही पडले. पार्लमेंट गेले, परंतु त्यांचा कायदा, त्यांची न्यायालये व त्यांचे प्रेस्बिटेरियन चर्च कायम राहिले. इंग्लंडच्या कर्जाचा बोजा उचलण्याबद्दल ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मिळाले, आणि त्यांतील मोठा भाग डेरिएनच्या बुडालेल्या भागीदारांच्या हाती आला. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वसाहतींचा व्यापार त्यांस मोकळा झाला. ग्लासगोचे व्यापारी गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या तंबाखूत गबर झाले, आणि एल्फिन्स्टन, माल्कम ह्यांच्यासारख्या तरुणांस हिंदुस्थानचा दरवाजा उघडला. हे सुख सर्वांस लाभले नाही. १७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर डोंगराळ मुलखातील गेलिक लोकांचा पोशाखदेखील कायद्याने बंद झाला, व पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी त्यांची गावे उठविण्यात आली. परंतु कराराची मुख्य वचने बहुतांशी पाळली गेली, म्हणून तो करार टिकला.

आता दुसरा पाहा. आयर्लंडची स्थिती प्रथमपासूनच भागीदाराची नव्हे, तर जप्तीतील मालमत्तेची होती. १६९१ च्या लिमरिकच्या तहात कॅथॉलिकांस दिलेली अभये पुढील कायद्यांनी धुळीस मिळविली. १७०४ च्या कायद्याने कॅथॉलिकास जमीन विकत घेण्याची अथवा ३१ वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा करण्याची बंदी झाली. १६९९ च्या कायद्याने आयरिश लोकरी कापडास परदेशची बाजारपेठ बंद केली. ती कोणत्या स्पर्धेच्या भीतीने, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. १७९८ चे बंड मोडल्यावर एकीकरणाचा कायदा आणला गेला. पदव्या व पैसा वाटून डब्लिनचे पार्लमेंट त्याच पार्लमेंटच्या मतांनी बुडविण्यात आले, आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडचे १०० सभासद लंडनास बसू लागले. कॅथॉलिकांस समान हक्क देऊ अशी आशा मुख्य प्रधान पिट ह्यांनी दाखविली होती. राजाने शपथेची सबब पुढे करून नकार दिला. पिट ह्यांनी राजीनामा दिला. आणि तो हक्क डॅनिएल ओकॉनेल ह्या वकिलाने चळवळ करून १८२९ साली मिळविला. अठ्ठावीस वर्षे उशिरा दिलेल्या वचनास उपकार मानण्याइतके कोणते राष्ट्र भोळे असते?

ह्या एकीकरणाची खरी कसोटी १८४५ पासूनच्या बटाट्याच्या रोगात लागली. सुमारे १० लाख माणसे भुकेने व साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात आयर्लंडातून धान्याची गलबते बाहेर जात होती. १८४१ च्या खानेसुमारीत सुमारे ८२ लाख असलेली वस्ती १८५१ साली ६६ लाखांवर आली. लंडनचे पार्लमेंट कायद्याने आयर्लंडचेही होते. संकटात मात्र ते आयर्लंडास परके ठरले. होमरूलची बिले १८८६ व १८९३ साली फेटाळली गेली. १९१४ साली कायदा झाला तो महायुद्धामुळे कपाटात पडला. आणि १९१६ साली डब्लिनमध्ये बंदुका झडल्या. लोकमान्यांनी त्याच वर्षी आपल्या संघास 'होमरूल'चे नाव दिले ते ह्याच आयर्लंडाकडून घेतलेले. १९२१ च्या तहाने २६ परगणे वेगळे झाले व १९४९ साली ते प्रजासत्ताक बनले. अल्स्टरचे ६ परगणे मागे राहिले. तेथील दुहीत पुढे सुमारे साडेतीन हजार माणसे बळी पडली.

आता आजची स्थिती पाहा, कारण कायद्याच्या दृष्टीने ती मोठी चमत्कारिक आहे. १९९८ च्या बेलफास्टच्या करारास सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या मतदारांनी संमती दिली, उत्तरेत ७१ टक्क्यांनी व दक्षिणेत ९४ टक्क्यांनी. बहुमत एकीकरणाच्या बाजूचे असण्याचा संभव दिसल्यास मंत्र्याने मतदान घेतलेच पाहिजे, असे कायद्यातच लिहिले आहे. उलट स्कॉटलंडास असा दरवाजा नाही. २०१४ साली लंडनच्या अनुमतीने मतदान झाले व ५५ टक्के लोकांनी एकत्र राहण्याचा कौल दिला. परंतु २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याच्या मतदानात ६२ टक्के स्कॉच मते राहण्याच्या बाजूची पडूनही स्कॉटलंडास बाहेर पडावे लागले. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लंडनच्या परवानगीवाचून स्कॉटलंडच्या पार्लमेंटास नवे मतदान घेता येत नाही. म्हणजे जो तलवारीने जिंकला त्याच्या उत्तर भागास बाहेर पडण्याची लेखी वाट आहे, आणि जो करार करून आत आला त्यास ती नाही!

न्यायालयाचा निर्णय कायद्यास धरून आहे, ह्याविषयी आमचा वाद नाही. परंतु कायद्याने बरोबर असणे व राजनीतीने शहाणपणाचे असणे ह्या दोन गोष्टी आहेत. कोणताही दुकानदार जाणतो की, भागीदारास हिशेब पाहू दिला तर भागीदारी मोडत नाही. वही लपविली म्हणजे मोडते. वाट लेखी असूनही उत्तर आयर्लंड १९९८ पासून आजवर ब्रिटनमध्येच आहे. आणि वाटेवर बंदुका उभ्या होत्या तेव्हा दक्षिणेतले २६ परगणे निघून गेले. स्कॉटलंडास त्याचे मत पुन्हा केव्हा व कोणत्या अटींवर विचारले जाईल, हे लंडनने कायद्यात स्पष्ट लिहून द्यावे, असे आमचे मत आहे. संमती ही एकदा घेऊन पेटीत कुलूपबंद करून ठेवण्याची वस्तू नव्हे. १७०७ चा करार तीनशे वर्षे टिकला तो दिलेले पाळल्यामुळे. आणि पुढे टिकावयाचा असेल तर तो त्याच मार्गाने टिकेल.