खेळण्यातली गाडी नव्हे

माथेरानच्या गाडीला सगळे 'खेळण्यातली गाडी' म्हणतात. मला हे नाव आवडत नाही. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, डबे बुटके, हे खरे. पण नेरळपासून माथेरानपर्यंत सुमारे २१ किलोमीटर डोंगर चढणे हा काही खेळ नव्हे.

हा लोहमार्ग अब्दुल हुसैन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधला. पैसा वडिलांचा, सर आदमजींचा; सुमारे १६ लाख रुपये. काही ठिकाणी वीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. वळणेही फार आवळ. सहा चाकांचे ताठ इंजिन तिथे अडकलेच असते. म्हणून जर्मनीत तयार झालेल्या त्या वाफेच्या इंजिनांची पुढची व मागची चाके वळणाबरोबर थोडी वळतील, अशी रचना केली होती. या युक्तीचे मला फार कौतुक वाटते.

पुढे नियमित गाडीसाठी डिझेल इंजिने आली. ते ठीकच झाले. पण जुनी इंजिने रंग देऊन नुसती पाहण्यासाठी उभी केली, हे मला पटत नाही. त्यांतले निदान एक तरी चालते ठेवावे.

तुम्ही विचाराल, "सर, धुराचे काय?" प्रश्न योग्य आहे. माथेरानला मोटारीसुद्धा दस्तुरी नाक्यावरच थांबतात. वाळलेल्या गवताला तर एक ठिणगी पुरे. म्हणून इंजिन वरपर्यंत नेऊच नये. पावसाळा संपताच, रान ओले असताना, नेरळहून जुम्मापट्टीपर्यंत आठवड्यातून एक फेरी करावी. दार्जिलिंगला शंभराहून अधिक वर्षांची इंजिने आजही पर्यटकांना घूमपर्यंत नेतात. खर्च येतो, पण लोक आवडीने तिकीट काढतात.

मला इंजिनापेक्षा माणसांची काळजी अधिक वाटते. आग किती ठेवावी, बॉयलरमध्ये पाणी किती हवे, चाके घसरू लागली की रुळांवर वाळू केव्हा सोडावी, हे पुस्तकातून येत नाही. जाणत्या फायरमनजवळ उभे राहूनच ते शिकावे लागते. आणि १९८० साली विशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेला आहे.