मुठीवरची मुद्रा

दिवाळीच्या सुटीत उमरीला आलेला माझा भाचा, ओसरीवर मांडी ठोकून, कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९६ साली सुरू केलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या खेळमालिकेत ज्या पिस्तुलाने चालत्या प्रेतांशी झुंजत होता, त्या ‘सामुराई एज’चे कुलवृत्त त्याने मला कौतुकाने ऐकविले: मूळ इटलीचे बेरेटा, पण केंडो नामक कल्पित कारागिराने कल्पित पोलीस पथकासाठी ते घडविलेले आणि मुठीवर पथकाची वाटोळी मुद्रा बसविलेली. एवढ्याशा मुद्रेवर चित्रकाराने खर्चिलेले परिश्रम पाहून मीही चष्मा पुसून जवळ सरकलो. आपल्याकडे असले ९ मिलिमीटरचे पिस्तूल १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये निषिद्ध वर्गात मोडते, त्यामुळे जिल्हा कचेरीत परवान्याची अर्जी देण्याचाही प्रश्न नाही! मग मी त्याला, निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींच्या हत्येच्याच दिवशी, ह्याच उमरीतली बँक लुटून तो पैसा लढ्याकडे वळविल्याची हकीकत सांगू लागलो, तेव्हा पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारले, “मामा, त्यांच्या बंदुकांना नावं होती का?”