खाण थांबते, पाण्याची शुश्रूषा थांबत नाही



रिठदच्या शिवाराखाली कोळसा नाही. आहे तो काळा कातळ आणि त्यावरची काळी माती. तरीही आजचा विषय आपणांस परका नाही. रिसोड तालुक्यातून वाहणारी पैनगंगा पुढे वणीच्या कोळसापट्ट्यात वर्धा नदीला मिळते. नदी उलटी वाहत नाही, म्हणून तिकडच्या खाणींचे पाणी आपल्या गावी येणार नाही. परंतु आपला मुलगा वा जावई नोकरीनिमित्त वणी, घुग्घुस किंवा चंद्रपूर येथे असेल, तर उतारवयात चार महिने त्याच्याकडे राहण्याचा योग येतो. तेथे पेल्यात येणारे पाणी कोठून आले, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

खाण खोदताना भूजल आत झिरपते आणि ते सतत उपसावे लागते. कोळशासोबत पायराइट नावाचे गंधकयुक्त लोहखनिज असते. त्याला हवा आणि पाणी लागले की आम्ल तयार होते, लोह विरघळते आणि ओढ्याच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. मेघालयातील खाणींत हा त्रास तीव्र आहे. विदर्भातील कोळशात गंधक सहसा कमी असल्याने येथे आम्लापेक्षा पाण्यातील क्षार आणि जडपणा यांची काळजी अधिक.

हा रोग जुनाट आहे. खाण बंद झाली तरी पाणी झिरपतच राहते. जर्मनीने 2018 मध्ये दगडी कोळशाची शेवटची खाण बंद केली; तेथील पाण्याचा उपसा मात्र कायम करावा लागणार आहे. त्या खर्चासाठी 2007 मध्येच स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले होते. मिळकतीच्या काळात म्हातारपणाची पुंजी बाजूला ठेवावी, तसाच हा विचार.

आपल्याकडेही 2009 पासून कोळसा खाणींना बंदीकरणाचा आराखडा करून त्यासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. संशोधनासाठी कोळसा मंत्रालय अनुदान देते आणि त्याचे समन्वयन रांचीची केंद्रीय खाण नियोजन व संरचना संस्था करते. नागपूरच्या ‘नीरी’ने खाणीतील माती-मुरमाच्या उजाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील मळी आणि मुळांशी सहजीवन करणारे सूक्ष्मजीव वापरून झाडी उभी केली. झाडांची मुळे माती धरून ठेवतात आणि पावसाबरोबर ओढ्यात जाणारा गाळ कमी होतो. असे काम एका हंगामात होत नाही. म्हणून निधी मध्येच आटला, तर रुग्णाचे औषध अर्ध्यावर सोडल्यासारखे होते.

आता घरातील काळजी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत; उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेले क्षार बसत नाहीत. सल्फेट फार असल्यास जुलाब होऊ शकतात आणि वृद्धांच्या शरीरातील पाणी लवकर कमी होते. मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी पाण्याचा अहवाल आपल्या वैद्यांना अवश्य दाखवावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहेत. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. सल्फेटसाठी हेच आकडे 200 आणि 400 आहेत. खाणीतून उपसलेले पाणी शुद्धीकरण व तपासणीवाचून पिऊ नये. काळजीवाहकांनी विहीर वा बोअरचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, अहवाल औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत जपून ठेवावा.

आणखी एक. 2015 च्या कायद्यानुसार खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. त्यांच्या निधीच्या अग्रक्रमात पिण्याचे पाणी, आरोग्य, प्रदूषण नियंत्रण यांच्यासोबत वृद्ध व दिव्यांगांचे कल्याणही आहे. तेव्हा मुलाला फोन कराल, त्या वेळी नातवंडांच्या खुशालीबरोबर एवढेही विचारा: ‘बाबा रे, तुमच्या ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा विषय निघाला का?’ वडीलधाऱ्यांनी विचारलेला प्रश्न घरात सहसा टाळला जात नाही.