विश्लेषण : सुपरहिरो स्वयंपाकघरात, लेखिका कोठडीत, फॅन फिक्शनमधल्या पुरुषाचा एवढा धसका का?

२९ फेब्रुवारी २०२० रोजी चीनमध्ये एक वेबसाइट अचानक उघडेनाशी झाली. तिचं नाव 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', चाहत्यांच्या भाषेत 'एओथ्री'. सिनेमा, मालिका आणि कादंबऱ्यांमधली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या लाखो कथा या साइटवर होत्या आणि त्या फुकट वाचता यायच्या.

निमित्त झालं एका कथेचं. 'द अनटेम्ड' ही चिनी मालिका २०१९ मध्ये तुफान गाजली होती. तिचे दोन नायक, श्याओ झान आणि वांग यिबो हे अभिनेते, या कथेत एकमेकांच्या प्रेमात पडलेले दाखवले होते. त्यातही श्याओच्या नावाचं पात्र स्त्रीवेशात राहणारं आणि देहविक्रय करणारं होतं. आपल्या हिरोला 'बायकी' केलं म्हणून त्याच्या काही चाहत्यांचा भडका उडाला आणि सरकारकडे तक्रारींचा पाऊस पडला. दोन दिवसांत साइट बंद. मग उलटी लाट आली. साइट गमावलेल्या वाचकांनी श्याओ जाहिरात करत असलेल्या ब्रँडवर बहिष्कार टाकला आणि १ मार्चला त्याच्या स्टुडिओला माफी मागावी लागली. वाद २७ फेब्रुवारीला पेटला, म्हणून चीनमध्ये हे प्रकरण '२२७' या नावानेच ओळखलं जातं.

एका काल्पनिक कथेवरून एवढं रामायण का घडावं? त्यासाठी या कथा कोण लिहितं आणि त्यात पुरुषाचं काय होतं, हे पाहावं लागेल.

सुरुवात स्टार ट्रेकपासून

दुसऱ्याची पात्रं घेऊन आपली कथा सांगणं मराठी वाचकाला नवीन नाही. 'मृत्युंजय'मधला कर्ण शिवाजी सावंतांनी निर्माण केला नव्हता, तरी तो त्यांचा झाला. फॅन फिक्शन तेच करतं. फरक इतकाच की इथे पात्रं बहुधा एखाद्या कंपनीच्या मालकीची असतात आणि लिहिणाऱ्याला पैसे मिळत नाहीत.

आजच्या फॅन फिक्शनचा मोठा प्रवाह 'स्टार ट्रेक'पासून निघतो. १९६६ ते १९६९ दरम्यान चाललेल्या या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी घरगुती अंक काढायला सुरुवात केली. टाइप करायचे, प्रती काढायच्या आणि टपालाने पाठवायच्या. लिहिणाऱ्यांमध्ये बायकांचा भरणा मोठा होता. १९७४ मध्ये 'ग्रुप' नावाच्या अशाच एका अंकात कर्क आणि स्पॉक या दोन नायकांना प्रेमी म्हणून रंगवणारी छोटीशी कथा आली. पुढे दोघांच्या नावांमधल्या तिरप्या रेघेवरून या प्रकाराला 'स्लॅश' हे नाव पडलं.

बायकांनी दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल का लिहावं, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. सगळ्यात सोपं उत्तर शारीरिक आकर्षणाचं, आणि ते खोटं नाही. पण १९८०च्या दशकात अमेरिकी लेखिका जोआना रस आणि त्यांच्यानंतर पॅट्रिशिया लॅम्ब व डायना वीथ यांनी जे मांडलं ते जास्त पटण्यासारखं आहे. त्या काळातल्या प्रेमकथेत बाई आली की तिच्यासोबत ठरलेली भूमिकाही यायची. तो वाचवणार, ती वाचणार. त्याचं काम मोठं, तिने नोकरी सोडायची. कर्क आणि स्पॉक मात्र एकाच जहाजावर काम करतात, एकमेकांचा जीव वाचवतात आणि प्रेमात पडल्यावर कुणालाच हातातलं काम टाकावं लागत नाही. ज्यात चहा कोणी करायचा हे आधीच ठरलेलं नाही, अशा बरोबरीच्या नात्याची कल्पना करायला या लेखिकांना दोन पुरुष सोयीचे पडले.

जखम आणि शुश्रूषा

या कथांमधला एक जुना, लाडका प्रकार म्हणजे 'हर्ट/कम्फर्ट'. एक जण जखमी होतो किंवा मनाने मोडतो आणि दुसरा त्याची काळजी घेतो. मूळ सिनेमात नायकाला गोळी लागली तर पुढच्या दृश्यात तो दंडाला पट्टी बांधून धावत असतो. फॅन फिक्शन नेमकं त्या दोन दृश्यांच्या मधे थांबतं. ताप किती आहे, सूप कोणी केलं, रात्रभर उशाशी कोण बसलं, हे सगळं तिथे येतं.

मार्व्हलच्या चाहत्यांचंच पाहा. २०१४च्या 'कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर'मध्ये बकी बार्न्स हा नायकाचा बालमित्र स्मृती पुसलेला मारेकरी बनून परततो. सिनेमाला त्याच्या धातूच्या हातात आणि मारामारीत रस होता. चाहत्यांनी मात्र त्याला ब्रुकलिनच्या एखाद्या फ्लॅटमध्ये राहायला नेलं. तिथे त्याला झोप लागत नाही, तो आरशात बघायचं टाळतो, हळूहळू स्वतःसाठी जेवण बनवायला शिकतो आणि समुपदेशकाकडे जातो. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे खुद्द कॅप्टन अमेरिका, त्याच्यासाठी भाज्या चिरतो. अशा कथांचे ढीग आहेत. बॉक्स ऑफिसवर असा सिनेमा दोन दिवस टिकला नसता, हेही खरं.

यात पुरुषाचं पौरुष काढून घेतलेलं नसतं. तो बलदंडच राहतो. त्याला रडण्याची, घाबरण्याची, 'मला मदत हवी' म्हणण्याची मुभा मिळते इतकंच. एकदा ही मुभा दिली की पुढचे प्रयोग आपोआप होतात. २०१०च्या सुमारास 'सुपरनॅचरल' या मालिकेच्या चाहत्यांमधून 'ओमेगाव्हर्स' नावाचं अख्खं काल्पनिक जग निघालं. त्यात पुरुषही गरोदर राहतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यातल्या चांगल्या कथा बाळंतपण, नोकरीतला भेदभाव आणि शरीरावरचा हक्क हे प्रश्न सरळ पुरुषाच्या अंगावर टाकतात.

पण सगळंच पुरोगामी आहे का?

अजिबात नाही. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' मुळात 'ट्वायलाइट'चं फॅन फिक्शन होतं आणि त्यातला ख्रिश्चन ग्रे प्रेयसीने काय खायचं हेही ठरवतो. 'आफ्टर' ही कादंबरी गायक हॅरी स्टाइल्सवरच्या फॅन फिक्शनमधून आली. तिचा नायकही छळवादीच. दोन पुरुषांच्या कथांमध्येही अनेकदा एक जण उंच, श्रीमंत, हुकमी आणि दुसरा नाजूक, लाजाळू असतो. म्हणजे नवरा-बायकोचीच जुनी जोडी, फक्त कपडे बदललेली. चिनी भाषेत या भूमिकांना 'गोंग' आणि 'शोउ', म्हणजे हल्ला करणारा आणि तो झेलणारा, अशी नावंच आहेत. शिवाय या सगळ्यात बाई जाते कुठे, हा आक्षेप वाचकांमधूनच वारंवार येतो. दोन बायकांच्या प्रेमकथा आहेत, पण एओथ्रीवर सर्वांत मोठा वाटा पुरुष-पुरुष जोड्यांचाच.

आपल्याकडेही हा झगडा दिसतो. २०११-१२ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या 'इस प्यार को क्या नाम दूँ?' या मालिकेवर इंडिया फोरम्स आणि वॉटपॅडवर आजही फॅन फिक्शन सापडतं. मालिकेत अर्णव खुशीला धमकावून तिच्याशी लग्न करतो आणि प्रेक्षकांनी तो प्रणय मानावा अशी अपेक्षा असते. लिहिणाऱ्या मुलींनी ते लग्न नाना प्रकारे पुन्हा लिहिलं. कुठे खुशी निघून जाते, कुठे अर्णवला खरी माफी मागावी लागते. अर्थात कुठे तो मालिकेपेक्षाही जास्त आडदांड होतो आणि त्यालाही भरपूर वाचक मिळतात.

चीनला नेमकं काय खुपतं?

चीनमध्ये फॅन फिक्शनची सख्खी बहीण म्हणजे 'दानमेइ', म्हणजे स्त्रियांनी मुख्यतः स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुरुषांच्या प्रेमकथा. 'द अनटेम्ड'ही अशाच एका कादंबरीवर बेतलेली होती, फक्त पडद्यावर प्रेमाची मैत्री झाली. २०१८ मध्ये आन्हुई प्रांतात अशा एका लेखिकेला अश्लील पुस्तक छापून विकल्याबद्दल साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. चिनी कायद्यात बलात्काराला सर्वसाधारणपणे तीन ते दहा वर्षं आहेत, हे लोकांनी तेव्हा सोशल मीडियावर लगेच दाखवून दिलं.

जानेवारी २०२१ मध्ये मुलग्यांचं 'बायकीकरण' रोखण्याच्या चर्चेत चीनच्या शिक्षण मंत्रालयाने व्यायामाचे शिक्षक वाढवण्याची भाषा केली. सप्टेंबरमध्ये प्रसारण नियामकाने 'बायकी पुरुषांचं' प्रदर्शन बंद करण्याचा आदेश दिला आणि दानमेइवर बेतलेल्या मालिका डब्यात गेल्या. २०२४ पासून तैवानमधल्या 'हाइतांग' या साइटवर लिहिणाऱ्यांची धरपकड सुरू झाली, आधी आन्हुईत आणि २०२५ मध्ये लानचौ शहराच्या पोलिसांकडून. फेब्रुवारी २०२५ पासून किमान ३० जणांना अटक झाल्याचं एका वकिलाने बीबीसीला सांगितलं. त्यातल्या बहुतेक जणी विशीतल्या तरुणी.

कागदावर गुन्हा अश्लीलतेचा आहे आणि अनेक कथा खरोखरच उघड्यावाघड्या आहेत. पण वेळ पाहण्यासारखी आहे. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आहे आणि सरकार तरुणींना लग्न करा, मुलं जन्माला घाला म्हणून विनवतंय. अशा वेळी लाखो तरुणी रात्री मोबाइलवर जे वाचतात त्यात सासर नाही, सून नाही, आणि पुरुष रडतो.

थायलंडमध्ये अशाच कथांच्या मालिका सरकारी व्यापार खातं परदेशी खरेदीदारांना दाखवतं. आणि ज्या कादंबरीवरून 'द अनटेम्ड' निघाली, तिचा इंग्रजी अनुवाद डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत आला आणि थेट न्यूयॉर्क टाइम्सच्या बेस्टसेलर यादीत गेला. त्यात ती प्रेमकथा कुठेही मैत्री करून टाकलेली नाही.