दृष्टिपटलाचे छायाचित्र निघाले, पुढे काय?

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे स्मार्टफोनवर आधारित कॅमेऱ्याने काढून ती संगणकप्रणालीकडून तपासून घेण्याचा प्रयोग २०१८ मध्ये झाला. त्यासाठी इंटरनेटचीही गरज नव्हती. प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्लेषणात घेतलेल्या २१३ रुग्णांपैकी, तज्ज्ञाकडे पाठवावे इतका विकार असलेला एकही जण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. मात्र असा विकार नसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे बारा जणांनाही तिने संशयित ठरवले. शिवाय विकारग्रस्त रुग्ण मुळात मोजकेच असल्याने 'शंभर टक्के' या आकड्याने हुरळून जाण्याचे कारण नाही.

तरीही या प्रयोगाचे मोल मोठे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा सुरुवातीला दुखत नाही, दृष्टीही अधू करीत नाही. त्यामुळे दिसेनासे झाल्यावरच रुग्ण डॉक्टरांकडे येतो आणि तोवर बरेच नुकसान झालेले असते.

रुग्णालयातील तपासणीने तर गेल्या तीन दशकांत मोठीच झेप घेतली. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये तयार केलेल्या उपकरणामुळे जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथम पाहता आले. पण ते वरवरचे दर्शन होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मांडलेल्या 'ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी' अर्थात ओसीटी तंत्राने पडद्याचे थर आडवा छेद घेतल्यासारखे दिसू लागले. सोनोग्राफीत ध्वनिलहरी जे काम करतात, ते येथे प्रकाश करतो. डोळ्याला स्पर्शही न करता मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके, नव्या यंत्रांत त्याहूनही सूक्ष्म, बारकावे टिपता येतात. पडद्याच्या मध्यभागी किती सूज आहे आणि इंजेक्शननंतर ती किती उतरली, हे आता अंदाजाने नव्हे, तर मायक्रॉनमध्ये सांगता येते. ओसीटी अँजिओग्राफीमुळे अनेक रुग्णांत शिरेतून रंगद्रव्य न टोचताही रक्तवाहिन्यांचे जाळे पाहता येते. अर्थात, वाहिन्यांतून होणारी गळती तिला दाखवता येत नाही. त्यासाठी १९६० च्या दशकात रूढ झालेली फ्लुरेसिन अँजिओग्राफी आजही लागतेच.

म्हणजे अडचण यंत्राच्या नजरेची उरलेली नाही. फोनवरचे छायाचित्र विकाराची शंका व्यक्त करते. त्यानंतर ओसीटी, लेसर किंवा पुन्हापुन्हा घ्यावी लागणारी इंजेक्शने यांसाठी रुग्णाला मोठे रुग्णालय गाठावे लागते. हातावर पोट असलेल्या माणसाला प्रत्येक खेपेला एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. चाचणीच्या अचूकतेची जितकी चर्चा होते, तितकी या खेपांची होत नाही.

थायलंडमध्ये गुगलची अशीच प्रणाली ११ आरोग्य केंद्रांत वापरली गेली, तेव्हा हेच दिसून आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या सहा महिन्यांतील १८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे प्रणालीने पुरेशी स्पष्ट नसल्याचे सांगून नाकारली. अंधारी खोली मिळणे अनेक केंद्रांना शक्य नव्हते. छायाचित्र नाकारले गेले, की रुग्णाला लांबच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळे. ही पायपीट कदाचित व्यर्थ ठरेल, या जाणिवेने काही परिचारिका रुग्णांना या अभ्यासात भाग घेण्यापासूनच परावृत्त करू लागल्या.