शेरा लपवू नका, माणूस सुधारू द्या



विद्यापीठ म्हटले की आपल्यापुढे कुलगुरू आणि प्राध्यापक उभे राहतात. पण आपल्या मुलीची गुणपत्रिका वेळेवर निघते की नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकतो की टेबलावरच पडून राहतो, हे लिपिक, शिपाई आणि कक्ष अधिकारी यांच्या हाती असते. हा कर्मचारी मन लावून काम करील की नुसते दिवस ढकलील, हे पुष्कळदा प्रशासन त्याच्याशी कसे वागते यावर ठरते.

यातली मोठी गोष्ट म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. ३१ मार्चला वर्ष संपते. वरिष्ठ शेरा लिहितात, त्यांच्यावरचे अधिकारी तो तपासतात आणि पदोन्नतीच्या वेळी हेच कागद उघडले जातात. पूर्वी बहुतेक ठिकाणी फक्त प्रतिकूल शेरा कळवत. ‘चांगला’ हा शेरा कोण कळवणार? पण बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत असेल, तर हाच ‘चांगला’ माणसाला मागे ठेवतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

सीमा रस्ते सेवेतील अभियंता देव दत्त यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला की शेरा कोणताही असो, तो वाजवी मुदतीत कळवलाच पाहिजे, त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि शेरा देणाऱ्यापेक्षा वरच्या अधिकाऱ्याने त्याचा निर्णय केला पाहिजे. हा नियम कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांनाही लागू असल्याचे न्यायालयाने सांगितले. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सुखदेव सिंग प्रकरणात हेच मत कायम केले.

याचा कामाशी संबंध काय? सरळ आहे. संगणकावर नोंदी करताना चुका होतात असे लिपिकाला वेळीच सांगितले, तर तो प्रशिक्षण मागेल, शिकेल. पाच वर्षांनी बढती हुकल्यावर कळले, तर तो खचेल. शिवाय शेरा गुपित असला की साहेबांची मर्जी हेच काम होऊन बसते. मग मर्जीतला माणूस आरामात आणि खरा राबणारा कोपऱ्यात! नुकसान शेवटी खिडकीपुढे रांगेत उभ्या विद्यार्थ्याचे होते.

म्हणून नोकरीत असलेल्या प्रत्येकाने वर्षभर केलेल्या कामाची तारखेनिशी नोंद ठेवावी. अहवालाची प्रत लेखी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी. शेरा पटला नाही तर रागाने नव्हे, पुराव्यानिशी आणि मुदतीत निवेदन द्यावे. तोंडी तक्रार हवेत विरते, कागद मात्र फाईलमध्ये राहतो. घरात कोणी नव्याने नोकरीला लागले असेल, तर त्याला हे पहिल्याच वर्षी सांगा.